वन्सं, तुमची दोन तोंडांची गाडी

वन्सं, तुम्ही पर्यावरणप्रेमी होतात हे मला तुमच्या शोकसभेत कळलं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तुमच्या गाडीच्या बॉनेटवर तुमचा फोटो टेकवला होता. आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी सुधीर राणे, तळमजल्यावरच्या इंदूचा मुलगा, माईक हातात धरून सांगत होता की कुमुदताईंनी या वयात विजेवर चालणारी गाडी घेऊन तरुण पिढीला प्रदूषणाचा विचार करायला लावलं. लोक माना डोलवत होते. त्यातल्या अर्ध्यांनी मीटिंगमध्ये तुमच्याविरुद्ध हात वर केला होता. मी तोंडाला पदर लावला. कोणीतरी पाणी आणून दिलं, म्हणालं, काकूंना भरून आलं. भरून आलं नव्हतं, तोंडावर आलेली शिवी दाबत होते.

तुम्ही कसल्या पर्यावरणप्रेमी. ओला कचरा वेगळा ठेवा म्हणून मी ओरडायचे आणि तुम्ही चहाचा चोथा न् दुधाची पिशवी एकाच डब्यात टाकायचात. तुम्ही हट्टी होतात. कोणाचं काही घ्यायला लागू नये, हा तुमचा रोग होता. गाडी त्या रोगातून आली. हे सभेत बोलायची सोय नव्हती, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नका. आयुष्यभर काढल्यात तेवढ्या पुरे.

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही सासर सोडून आमच्याकडे आलात, भावाच्या घरी, एक ट्रंक घेऊन. कोणी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. बँकेत लागलात, तिथेच रिटायर झालात. तुमचे भाऊ गेले, माझा प्रसाद बायकोमुलांना घेऊन ठाण्याला कोलशेतच्या टॉवरमध्ये राहायला गेला, आणि डोंबिवलीच्या या घरात आपण दोघी उरलो. नणंद आणि भावजय. बाहेरचे म्हणायचे, किती छान, एकमेकींना सोबत. सोबत कसली? एका म्यानात दोन तलवारी.

गाडी प्रसादनंच दाखवली. त्याच्या बिल्डिंगमधल्या एका डॉक्टरनं ती विकायला काढली होती, कारण त्याला पूर्ण विजेवरची घ्यायची होती. तुम्ही नुसती बघायला म्हणून गेलात आणि चालवत घेऊन आलात. या वयात लोक काशीला जातात. मी खाली जाऊन बघितली. उंच, पांढरी, दोन खांबांमध्ये अंग चोरून उभी. एका बाजूला पेट्रोलचं झाकण, दुसऱ्या बाजूला वायर खुपसायचं झाकण. मी विचारलं, ही दोन तोंडं कशाला? तुम्ही मास्तरणीसारखं समजावलंत, की वायर लावून ठेवली की गावात फिरण्यापुरती बॅटरी भरते, आणि बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं, म्हणजे गाडी कुठे अडत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे उपास धरायचा आणि पातेलंभर साबुदाण्याची खिचडी खायची."

त्या दिवशी तुम्ही आपला चहा आपणच करून घेतलात.

आपली बिल्डिंग जुनी. पार्किंगमध्ये साधा दिवा लागायची मारामार, तिथे गाडीला प्लग कुठून येणार. तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये गाडीला वीज भरायचा पॉइंट मागितलात. म्हणाले, एकाला दिला तर उद्या सगळे मागतील. दुसऱ्या कोणाकडे असली गाडी नव्हती, तरी सगळे मागतील. मग तुम्ही पहिल्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरातून वायर सोडलीत. ओट्याशेजारच्या पॉवरच्या प्लगमधून, खिडकीच्या ग्रिलमधून, भिंतीवरून खाली. जिथे दोन वायरी जोडल्या तिथे दुधाची धुतलेली पिशवी गुंडाळून रबरबँड लावलं. ती वायर हाताला गरम लागायची. गाडी जेवायला बसली की माझा मिक्सर बंद, कारण दोन्ही एकदम लावले तर मेन स्विच पडायचा. वाटण वाटायला घेतलं की तुम्ही हॉलमधून ओरडायचात, "वहिनी, गाडी लावलीये." नवरा होता तेव्हा त्याच्या जेवणासाठी मी थांबले नाही इतकी त्या पत्र्यासाठी थांबले.

आणि एवढं करून तुम्ही पेट्रोल जाळायचं नाही म्हणून हटून बसलेलात. टाकीत दिवाळीचं पेट्रोल होळीला तसंच. मेकॅनिकनं सांगितलं, मॅडम, पेट्रोल शिळं होतं, इंजिन अधूनमधून चालू द्या. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. पण गाडी ऐकायची नाही. मध्येच कधीतरी ते इंजिन आपल्या मनानं गुरगुरत सुरू व्हायचं, आणि तुम्ही, बँकेतल्या साहेबीणबाई, दात खाऊन म्हणायचात, "मेल्या, तुला कोणी बोलावलं?" दर वेळी हेच. मागे बसलेली इंदू हसून हसून खोकायची.

मी एकदा विचारलं की एवढा त्या इंजिनाचा राग येतो तर मग नुसती विजेचीच का नाही घेतली? तुम्ही भाजी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "मागे टाकी आहे म्हणून बाहेर पडता येतं, वहिनी. तिचं तोंड बघायला लागू नये, एवढंच."

मी तवा ठेवला होता. भाकरी थापली. पण ते माझ्या डोक्यात राहिलं. हे घरही तुम्हाला तसलीच मागची टाकी होतं, ते इतक्या वर्षांत एवढ्या एका वाक्यात सांगितलंत, आणि तेही गाडीच्या आडून. मला राग आला. अजून आहे. माझ्या हातचं जेवलात, माझ्या तापात माझ्या उशाशी बसलात, माझ्या मुलाचा अभ्यास घेतलात, आणि मनातून पाहुणीसारख्या राहिलात. कोणी सांगितलं होतं?

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची लिहिते. ठाण्याला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही मला घेऊन आलात. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात आधीपासूनच धूर. शिळफाट्याला नेहमीचा जॅम. बाजूला ट्रक, डंपर, सगळे धूर सोडत, हॉर्न मारत. आणि आपल्या गाडीचा आवाजच नाही. मला कळेना, गाडी चालू आहे की बंद, पुढे जातोय की उभे आहोत. भीती वाटली, पण मी बोलले नाही. तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. एरवी दिवसाला चार शब्द बोलणाऱ्या तुम्ही सगळा रस्ता सांगत राहिलात. आता थांबलोय. आता टँकरच्या मागे आहोत, टँकरवर लिंबू-मिरची आहे. आता सरकलो. आता मानपाडा आलं, वहिनी, तो चप्पलवाला आला, तुम्ही ज्याच्याशी भांडलात तो. घरापर्यंत तुमचं तोंड थांबलं नाही. वर आल्यावर पुन्हा मुक्या.

त्याचे आभार मी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आता मानायचे तर कोणाला सांगू, सुधीरच्या माईकला?

इंदूचं डायलिसिस ठाकुर्लीला. आठवड्यातून दोनदा. येताना तिच्या अंगात काही उरत नसे, आणि रिक्षात खड्ड्याखड्ड्याला तिचं डोकं दांडीवर आपटायचं. तुम्ही एकदा तिला गेटपाशी रिक्षातून उतरताना बघितलंत, आणि दुसऱ्या वेळेपासून गाडी काढलीत. विचारलं नाही, सांगितलं नाही. ती यायची काठी टेकत, मागे बसायची, तुम्ही निघायचात. तुमच्या त्या मुक्या गाडीत तिला झोप लागायची म्हणे. जाऊन येऊन बहुतेक वेळा बॅटरीवर भागायचं. इंजिन बोलवायला लागायचं नाही, म्हणून तुम्ही खूश.

आणि त्याच इंदूच्या मुलानं तुमची वायर कापली. सेक्रेटरी म्हणून नोटीस काढली, आगीचा धोका म्हणून. धोका होता, मी नाकारत नाही. मलाच त्या गरम वायरची धास्ती वाटायची. पण वायर काढा म्हणायच्या आधी दुसरी सोय काय, हे त्यानं बघायला नको? तो राहतो तळमजल्यावर. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर तुमच्या गाडीला लागतो. त्याच्या घरातला प्लग दिला असता तर वायर हातभर लागली असती. ते त्याला सुचलं नाही. एका सकाळी पक्कड घेऊन आला, खाली लोंबणारा तुकडा कापला आणि गुंडाळी करून आपल्या दाराशी ठेवली. त्याच दिवशी तुम्ही त्याच्या आईला घेऊन ठाकुर्लीला गेलात.

मी म्हटलं, "लाज नाही का तुम्हाला? बसू दे त्याच्या आईला रिक्षात."

तुम्ही म्हणालात, "वायर तिनं नाही कापली."

मग गाडी पेट्रोलवर धावायला लागली. इंजिन रोजच सुरू व्हायचं, तुम्ही रोजच शिव्या द्यायचात, आणि तुमचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं हट्ट मोडला म्हणून उतरला. छातीत दुखत होतं ते तुम्ही कुठे सांगितलंत. डॉक्टर नंतर म्हणाले, बरेच दिवस त्रास होत असणार. होत असणार! एका घरात, एका ओट्यावर, आणि मला डॉक्टरनं सांगायचं.

त्या दिवशी तुम्ही आधी खाली गेलात. गाडी सुरू केलीत, एसी लावलात, इंदूची वाट बघत बसलात. उतारावर ब्रेक दाबला की ही गाडी आपली आपण थोडी बॅटरी भरून घेते, तशी आधी जी काय चिमूटभर भरली होती तिच्यावर सगळं शांत चाललेलं. येणारेजाणारे बाजूनं गेले, त्यांना वाटलं बाई डोळे मिटून बसल्यात. इंदू आली, मागे बसली आणि सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागली. तुम्ही उत्तर देत नव्हतात, पण तुम्ही एरवी तरी कुठे देत होतात. ती बोलत राहिली. मग बॅटरी संपली आणि इंजिन सुरू झालं. इंदू म्हणते, मी हसायच्या तयारीत होते. पण शिवी आली नाही. तेव्हा तिला कळलं. तिनं काठी पुढे घालून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मी गॅलरीतून ओरडले, कोण मेलंय एवढं?

माझं तोंड असं आहे. तुम्हाला माहीतच आहे.

दहाव्याला खाडीवर बायका जात नाहीत म्हणे. मी गेले. पिंड ठेवला. कावळे आले, भिंतीवर बसले आणि उतरेनात. शेजारच्या लोकांचा पिंड त्यांनी केव्हाच फस्त केला होता. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला कोणीतरी. प्रसाद पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "आत्या, तुझी गाडी आम्ही विकणार नाही. घरातच राहील." कावळा मान वाकडी करून बघत बसला. आदल्याच दिवशी प्रसादनं गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून एजंटला धाडले होते. फोटो स्वच्छ यावा म्हणून तुमची तसबीर बॉनेटवरून उचलून जिन्यात ठेवली होती, तोंड भिंतीकडे. ती मी वर आणली. माझ्या पोटचा पोरगा, पण मला त्याची किळस आली, हे लिहायला मला जड जात नाही.

मग सुधीर पुढे झाला. कुमुदताई, पार्किंगमध्ये रीतसर पॉइंट बसवून देऊ. तरी कावळा ढिम्म. मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. जिवंत होतात तेव्हा यांच्या दारात जाऊन जाऊन चप्पल झिजली, आणि आता एका पाखराला खाली उतरवण्यासाठी रांग लावून कबुल्या देत होते. लक्ष सगळ्यांचं घड्याळाकडे. उन्हात डोकं तापलेलं, पोटात कावळे ते वेगळेच.

शेवटी मला म्हणाले, काकू, तुम्ही बोला.

मी म्हटलं, "वन्सं, मी काही कबूल करत नाही. मला गाडी चालवता येत नाही आणि ती मला आवडतही नाही. इंदूचं काय करायचं ते बघते."

कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि झालं. सगळे हळहळत जेवायला पळाले. मला मात्र बरं वाटलं. कोणाच्या थापेवर तुम्ही जेवायला उतरला असतात तर मी तुम्हाला ओळखलं नसतं.

तोवर इंदू पुन्हा रिक्षानं जात होती. एकदा येताना गेटात पडली. गुडघा फुटला. तेराव्याला सुधीर वर जेवायला आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. त्याला मी चड्डीत फिरताना बघितलाय, तेव्हा मला सेक्रेटरीबिक्रेटरी काही वाटत नाही. विचारलं, आईला तू का नेत नाहीस? म्हणाला, काकू, नोकरी आहे. मी म्हटलं, त्या दोन दिवशी तू घरीच असतोस. म्हणाला, घरून काम असतं, मीटिंगा असतात. मी म्हटलं, घरून काम करणारा माणूस घरात असतो, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. तिच्या डायलिसिसला सकाळची पहिली पाळी मागून घे.

मग मी ओट्याकडची खिडकी उघडली आणि त्याला खाली बघायला लावलं. गाडी त्याच्या खिडकीला चिकटून उभी. त्यानं ग्रिलला कपाळ लावून बघितलं. म्हणाला, "मी प्लग दिला असता तर सगळे म्हणाले असते, सेक्रेटरीच नियम मोडतो."

"आई कोणाची? सोसायटीची?"

बाहेर त्याच्या पानात श्रीखंड तसंच.

मी त्याला सांगितलं, गाडीची वायर तुझ्या घरातून, चांगला इलेक्ट्रिशियन बोलावून, आमच्या पिशवी-रबरबँडसारखी नाही. आईला न्यायचं तू, आणायचं तू. ज्या दिवशी चुकवशील त्या दिवशी किल्ली प्रसादला, मग त्यानं गाडी विकून खावी. सुधीरनं मान हलवली. आई मरत होती ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. तुम्ही नेत होतात, म्हणून त्याला बघायला लागत नव्हतं. उपकार करणाऱ्या माणसामुळे आजूबाजूचे लोक असे बिघडतात, वन्सं. हे मी तुम्हाला सांगणार होते. राहून गेलं.

प्रसाद खवळला. गाडी काय धर्मशाळा आहे का, म्हणाला. कागद कोणाच्या नावावर होतील ते वकील ठरवेल, पण तोवर गाडी नुसती उभी राहील, असा त्याचा हेका. मी म्हटलं, "बाबा, कावळ्यासमोर तू बोललास. मी काही कबूल केलं नव्हतं." तो न जेवता ठाण्याला गेला. येईल. नाही आला तरी किल्ली माझ्याकडे आहे, साबणाच्या वडीएवढी, डब्यात तुरडाळीखाली.

वायर बसली. गाडी भरली. आणि इंदू बसेना. पार्किंगमध्ये काठी टेकून उभी राहिली, पाय पुढे पडेना. म्हणाली, मी त्या गाडीत मेलेल्या माणसाशी बोलत बसले होते, मला रिक्षाच बरी. सुधीरनं समजावलं, सुनेनं समजावलं. उशीर होत होता. तिचं तोंड सुजलेलं, पाय हत्तीसारखे. आता न जाऊन चालणार नव्हतं.

मला वैताग आला. मी पुढचं दार उघडलं आणि तुमच्या जागेवर बसले. म्हणजे बसायला गेले. तुम्ही पाच फुटाच्या आत, सीट एवढी पुढे ओढलेली की माझे गुडघे त्या चाकाखाली अडकले. पोट स्टिअरिंगला टेकलं. ना पुढे, ना मागे. पदर कशात तरी अडकला. इंदूनं बघितलं आणि तिच्या सुजलेल्या तोंडावर हसू आलं. म्हणाली, अगं, उतर, गाडी फोडशील. आणि मागचं दार स्वतःच उघडून आत बसली.

सुधीरनं हाताला धरून मला बाहेर काढलं. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन इंदूशेजारी बसले. तो तुमच्या जागेपाशी वाकला, सीटखाली हात घातला आणि थांबला. तुमच्यानंतर ती सीट कोणी हलवली नव्हती. एजंटनंही नाही. त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"काकू, सीट मागे घेऊ?"

मी खिडकीकडे तोंड केलं.

"घे," म्हटलं. "गाडी चालवायचीये की पूजा करायचीये?"